घरी येऊन दात भरायचा: जीआयसी की कंपोझिट?

आजी दवाखान्यात जाऊ शकत नाहीत, डॉक्टरच घरी येणार. मग किडलेल्या दातात भरायचं काय: जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट, पावडर आणि द्राव कालवून भरतात) की कंपोझिट (दाताच्या रंगाचं, प्रकाशाने कडक होणारं रेझिन)?

खरी कसोटी लाळेची. कंपोझिटला आधी आम्ल, मग बाँड (चिकटवणारा द्रव), मग दोन-दोन मिलिमीटरचे थर आणि प्रत्येक थराला सुमारे २० सेकंद प्रकाश. मध्येच लाळ लागली की पकड गेली, कडेने पुन्हा कीड. हिरडीलगतचं मूळ तर कोरडं राहतच नाही. जीआयसी थोडा ओलावा सोसतं, फ्लोराइड सोडतं. कीड हाताच्या अवजाराने खरवडून, कापसाने टिपून भरता येतं. पावडर-द्रावाचं प्रमाण चुकलं तर मात्र ते ठिसूळ होतं. वरून व्हॅसलीन, तासभर खाणं बंद. झीज जीआयसीची जास्त.

मुळाची कीड, स्मृतिभ्रंश, हलणारी मान असेल तर जीआयसी. पुढचा दात, तोंड नीट उघडं राहतं आणि पोर्टेबल सक्शन (लाळ ओढून घेणारं छोटं यंत्र) सोबत आहे, तर कंपोझिट. रात्री दात आपोआप ठणकत असेल तर भरण्याआधी नस तपासून घ्या.