कान बंद केल्यावरचा घुमारा: सर्किट पुरेल की अख्खं डोकं मेश करायचं?

भ्रामरी करताना कान बंद करून गुणगुणलं की आवाज डोक्यात घुमतो. हात काढले की गेला. आता पुन्हा कानांत बोटं घाला आणि आधी 'आ' म्हणा, मग 'ई'. 'ई' चांगलाच जास्त घुमेल. नवीन हिअरिंग एड लावलेली माणसं "मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं" म्हणतात, ते हेच. याला ऑक्लूजन इफेक्ट म्हणतात. चार्ल्स व्हीटस्टोनने 1827 मध्येच त्याबद्दल लिहून ठेवलं होतं.

इअरप्लग, इअरबड किंवा हिअरिंग एडचा मोल्ड (कानात बसणारा साच्यातला भाग) करायला घेतलाय आणि हा घुमारा किती होईल ते आधी संगणकावर बघायचंय, तर वाटा तीन: सर्किट (कानातल्या हवेला विजेच्या सर्किटसारखं मांडणं), द्विमितीय फायनाइट एलिमेंट (आकाराचे बारीक तुकडे, म्हणजे मेश, पाडून गणित सोडवणं) आणि पूर्ण त्रिमितीय मॉडेल. बरेच जण थेट तिसऱ्या वाटेला लागतात, कारण तिची चित्रं झकास दिसतात. मीही लागलो होतो.

आधी घडतं काय ते. बोलताना कवटी थरथरते आणि तिच्याबरोबर कानाच्या नळीची भिंतही. जास्त हलतो तो बाहेरचा, कूर्चेचा भाग. आतला भाग हाडात असल्यामुळे फारसा हलत नाही. हलणारी भिंत नळीतली हवा ढकलते. कान उघडा असला की ही हवा बाहेर निसटते. बंद केला की तिला वाट नाही. ती दाबली जाते आणि तो दाब थेट कानाच्या पडद्यावर येतो. सगळा खेळ मुख्यतः 1000 हर्ट्झच्या खाली चालतो.

सर्किटवाले यातून एवढंच उचलतात: बंद हवा म्हणजे कपॅसिटर, छिद्रातली हवा म्हणजे इंडक्टर आणि हलणारी भिंत म्हणजे करंट सोर्स. स्टेनफेल्ट आणि राइनफेल्ट यांचं 2007 चं मॉडेल याच घराण्यातलं. फुकट मिळणाऱ्या एलटीस्पाइस या सर्किट सोडवणाऱ्या प्रोग्राममध्ये किंवा पायथनच्या तीस-चाळीस ओळींत असं सर्किट उभं राहतं.

ते किती कामाचं आहे बघा. मोल्डमागे 0.7 घन सेंटिमीटर हवा उरली आहे आणि पडद्याची लवचिकता आणखी 0.8 घन सेंटिमीटर हवेइतकी आहे असं धरू. एकूण दीड. मोल्डला 15 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर व्यासाचा व्हेंट (हवा जायचं छिद्र) पाडला, तर अनुनाद 600 हर्ट्झच्या आसपास येतो. व्यास 1 मिलिमीटर केला की तो 300 वर उतरतो. व्हेंट घुमारा कमी करतो तो अनुनादाच्या खाली. अनुनादापाशी उलट थोडा वाढवतो आणि त्याच्या वर त्याचा उपयोग नाही. आता 'ई'चा पहिला फॉर्मंट (स्वराचा जोर जिथे एकवटतो ती वारंवारता) साधारण 300 हर्ट्झपाशीच असतो. म्हणजे बारीक व्हेंट पाडून "सोय केली" म्हणणाऱ्याने नेमकी 'ई'ची सोय केलेली नाही. हे कळायला मेश लागली नाही, कॅल्क्युलेटर पुरला. एक पथ्य मात्र पाळा: 1 मिलिमीटरच्या छिद्रात हवेची चिकटाई मोजावीच लागते. 100 हर्ट्झला भिंतीलगतचा थरच 0.2 मिलिमीटरहून थोडा जाड असतो. ती सोडलीत तर अनुनादाचा सुळका खोटा, फार टोकदार निघतो.

सर्किट फसतं ते प्लगच्या खोलीवर. प्लग आत सरकवला की मागची हवा कमी होते. सर्किट म्हणतं, हवा कमी म्हणजे दाब जास्त, म्हणजे घुमारा वाढणार. प्रत्यक्षात हाडाच्या भागापर्यंत नेलेला प्लग घुमारा कमी करतो, कारण हलणारी कूर्चाच झाकली जाते आणि भिंत ढकलू शकेल अशी हवाच तिथे उरत नाही. सर्किटला हे आपणहून कळत नाही. करंट सोर्स किती मोठा ते त्याला तुम्ही सांगता आणि तुम्ही जुनाच आकडा देऊन बसलेले असता. उत्तर थोडंथोडकं चुकत नाही, त्याची दिशाच उलटी होते.

इथे द्विमितीय मॉडेलकडे वळायचं. कानाची नळी सरळ नळकांडं मानायची, तिच्याभोवती त्वचा, कूर्चा आणि हाड यांचे थर द्यायचे आणि एकच छेद अक्षाभोवती फिरवायचा. साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत सुटतं. प्लग दोन-दोन मिलिमीटर आत ढकलत वक्र काढत बसा; भिंत कुठे किती हलते हे मॉडेल स्वतः काढतं. खऱ्या नळीचं वळण आणि जबड्याचा सांधा यात येत नाही, पण खोलीचा प्रश्न त्यावाचून अडत नाही.

त्रिमितीय मॉडेलची गोष्ट वेगळी. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी (ब्रुमंड, स्गार्ड आणि सहकारी) 2014 मध्ये बाह्यकानाचं असं मॉडेल मांडलं. 2016 मध्ये स्टेनफेल्ट यांच्या सहभागाने अख्ख्या डोक्याचं 'लियूहेड' आलं. घुमाऱ्याचा उगम नेमका कुठे, चावताना काय होतं, हाडावर कंपक कुठे ठेवला तर काय फरक पडतो, असे प्रश्न असतील तर याला पर्याय नाही. पण किंमत समजून घ्या. मेश किती बारीक हवी हे हवा ठरवत नाही; 1000 हर्ट्झला हवेतली तरंगलांबी 34 सेंटिमीटर असते. ठरवते ती त्वचा. मऊ ऊतींमध्ये आडव्या लाटा इतक्या संथ चालतात की त्यांची लांबी मिलिमीटरांत येते. त्यात स्कॅनवरून थर वेगळे काढण्याचे आठवडे मिळवा. माझं मॉडेल शेवटी एकदाचं चाललं, तेव्हा मी त्वचेचा यंग मोड्युलस (ताठरपणाचं माप) दुप्पट करून पाहिला. अख्खा वक्र सरकला. तो मोड्युलस मी एका शोधनिबंधातून उचलला होता, पुढच्या निबंधात भलताच होता. भूमिती मिलिमीटरपर्यंत अचूक आणि द्रव्याचे गुणधर्म अंदाजपंचे, अशी गत.

तेव्हा व्हेंट ठरवायचा असेल किंवा दोन प्लग एकाच खोलीवर तोलायचे असतील तर सर्किटवर थांबा. खोली बदलणार असेल तर द्विमितीय करा, पण सर्किटही बाजूला चालू ठेवा, म्हणजे दोघांची फारकत कुठे होते ते दिसतं. त्रिमितीय हे प्रबंधाचं काम आहे; प्रॉडक्टची तारीख गाठायची असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

एक गोष्ट तिन्ही वाटांवर भेटेल. प्लग वरवर घातला असेल तर मॉडेल कमी वारंवारतेला 40 डेसिबलच्याही वर घुमारा दाखवतं आणि कानात मायक्रोफोन घालून मोजलं तर 20 ते 30 मिळतो. बहुतेक वेळा प्लगच्या कडेने हवा गळत असते आणि मॉडेलमध्ये ती फट नसते. मॉडेल मोडीत काढण्याआधी प्लगच्या कडेला थोडं व्हॅसलीन लावून पुन्हा मोजा.