सर्व्हिस चार्ज, क्यूआर की रोख? टीप देण्याच्या मार्गांचं परीक्षण

टीप किती टक्के द्यावी हे कुणीही सांगेल. ती कुणाच्या खिशात जाते, हे मात्र बिल भरताना फारसं कुणी विचारत नाही. म्हणून इथे मुख्यतः टीप देण्याचे मार्ग तपासले आहेत. निकष एकच: दिलेल्या शंभर रुपयांपैकी, ज्याने आपल्याला वाढलं, सामान उचललं किंवा डबा आणून दिला त्याच्या हातात किती पडतात आणि कधी.

या निकषावर सगळ्यात खाली येतो तो बिलात आपोआप लागणारा सर्व्हिस चार्ज. मोठ्या शहरांतल्या एसी रेस्टॉरंटमध्ये तो साधारण 5 ते 10 टक्के असतो. हा सरकारी कर नाही. जुना सर्व्हिस टॅक्स जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर संपला, पण नावं सारखी असल्यामुळे अजूनही अनेक जण कर समजून हा चार्ज मुकाट्याने भरतात. तो मालकाच्या खात्यात जमा होतो. त्यातला किती वेटरपर्यंत जातो हे बिलावरून कळायला काही मार्ग नाही. वर त्याच्यावर जीएसटीही बसतो. जेवण 2,000 रुपयांचं झालं, त्यावर 10 टक्के म्हणजे 200 रुपये सर्व्हिस चार्ज लागला, की 5 टक्के जीएसटी 2,200 वर निघतो, 110 रुपये. एकूण 2,310. चार्ज नसता तर 2,100 झाले असते. म्हणजे गिऱ्हाईक 210 रुपये जास्त देतं, आणि समोर उभ्या असलेल्या वेटरला त्यातला एक रुपयाही तिथे मिळत नाही. उलट ‘टीप बिलात आलीच आहे’ असं समजून लोक ट्रेमध्ये काही ठेवत नाहीत. खरं नुकसान त्याचं होतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचा नाही, तो दिला नाही म्हणून गिऱ्हाइकाला आत येऊ न देणं किंवा सेवा नाकारणं चालणार नाही, आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना कायम ठेवल्या. तरीही काही ठिकाणी चार्ज लागतोच, कधी ‘स्टाफ वेल्फेअर’सारख्या गोंडस नावाखाली.

तो काढून घेण्याची रीत सोपी आहे, फक्त क्रम चुकवू नका. ऑर्डर देण्याआधी मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. बिल आलं की पैसे देण्याआधीच कॅप्टनला (वेटरांच्या प्रमुखाला) बोलवा आणि शांतपणे सांगा: ‘सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या.’ वेटरशी वाद घालू नका, संगणकात बदल करायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. नवीन बिल छापूनच घ्या. बरेचदा पेनने 200 रुपये वजा करून देतात आणि जीएसटी मात्र जुन्याच 2,200 वर राहतो, तिथे 10 रुपये फुकट जातात. नकारच मिळाला तर पैसे भरा, बिलाचा स्पष्ट फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवा. आणि चार्ज काढून घेतला असेल तर वेटरला निघताना हातात टीप द्याच. त्याला द्यायचे पैसे स्वतःच्या खिशात ठेवायला हा खटाटोप नाही.

रोख टीप अजूनही सगळ्यात खात्रीची. पण तीही वेगवेगळ्या वाटांनी जाते. बडीशेपेच्या ट्रेमध्ये ठेवलेले पैसे बहुतेक ठिकाणी गल्ल्याजवळच्या डब्यात जातात आणि रात्री किंवा आठवड्याने वाटले जातात. कॅप्टनला जास्त, वेटरला त्याहून कमी, पाणी देणाऱ्या आणि टेबल पुसणाऱ्या पोरांना सगळ्यात कमी. डबा वाईट नाही, उलट आत भांडी घासणाऱ्यालाही त्यामुळे काहीतरी मिळतं. फक्त वाटप कोण करतं ते महत्त्वाचं. मॅनेजर स्वतः वाटा घेत असेल तर डब्यात टाकण्यात अर्थ नाही. ‘दादा, टीप तुम्हालाच मिळते का?’ एवढं हळूच विचारलं की उत्तर लगेच मिळतं. साध्या उडुपी हॉटेलात 10-20 रुपये, टेबलावर बसून जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये कर सोडून बिलाच्या 5 ते 10 टक्के, हे आपल्याकडे योग्य प्रमाण आहे. वडापावच्या गाडीवर आणि सेल्फ सर्व्हिसमध्ये टीपची अपेक्षा नसते.

यूपीआयने सगळं सोपं झालं आणि इथेच एक खड्डा तयार झाला. बिल 1,840 चं, आपण काउंटरचा क्यूआर स्कॅन करून 2,000 टाकतो आणि ‘बाकीचे ठेवा’ म्हणतो. ते 160 रुपये हॉटेलच्या खात्यात गेले. गल्ल्यावरच्या माणसाने तेवढी रोख काढून वेटरला दिली तर ठीक, पण संध्याकाळच्या गर्दीत ती नोंद राहून जाते आणि वेटर मागायला कचरतो. म्हणून बिल वेगळं भरा, टीप वेगळी. वेटरचा स्वतःचा क्यूआर असेल तर स्कॅन केल्यावर पडद्यावर त्याचं नाव दिसतं. हॉटेलचं नाव दिसलं तर थांबा. हा मार्ग नीट वापरला तर रोखीइतकाच चांगला.

घरपोच सेवेच्या ॲपमधली टीप मधल्या दर्जाची. रक्कम पूर्णपणे डिलिव्हरी करणाऱ्याला जाते असं ॲपवर लिहिलेलं असतं, पण लिहिणं आणि होणं यात फरक पडू शकतो. अमेरिकेत ॲमेझॉन फ्लेक्स या घरपोच सेवेच्या चालकांच्या टीपमधले पैसे रोखून ठेवल्याच्या आरोपावरून ॲमेझॉनने 2021 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी ग्राहक संरक्षण संस्थेशी 6 कोटी 17 लाख डॉलरला तडजोड केली. तेव्हा हातात द्यायला 20-30 रुपये असतील तर हातातच द्या. पाऊस असेल किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर यायचं असेल तर 50. टॅक्सी-रिक्षाच्या ॲपवर प्रवासाआधी टीप भरायला लावणं ही वेगळीच गोष्ट, ती गाडी मिळवण्यासाठी लावलेली बोली झाली. मे 2025 मध्ये ग्राहक प्राधिकरणाने याच मुद्द्यावर उबरला नोटीस पाठवली. टीप प्रवास संपल्यावर.

गॅस सिलिंडरवाल्याचा प्रश्न दर महिन्याला येतो. पावतीवरच्या किमतीत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो, त्यामुळे वरचे पैसे हक्काने मागता येत नाहीत. खुशीने दिलेत तर ती टीप, पण आधी सील बघा आणि वजन करून घ्या, काटा आणणं त्याचं काम आहे.

आता परदेश. अमेरिकेत टीप हा पगाराचाच भाग आहे. तिथल्या फेडरल (केंद्रीय) कायद्यानुसार टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी 2.13 डॉलर दिले तरी चालतात, मात्र टीप धरून 7.25 डॉलर भरले पाहिजेत. हा 2.13 चा आकडा 1991 पासून बदललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, तरी टीपची अपेक्षा तिथेही तितकीच. टेबलावर बसून जेवलात तर 18 ते 20 टक्के द्या, कुरकुर करू नका. टक्के मात्र कर सोडून मोजा. न्यूयॉर्क शहरात 80 डॉलरच्या जेवणावर 8.875 टक्के कर म्हणजे 7.10 डॉलर. त्या कराची दुप्पट, 14.20 डॉलर, ही जवळपास 18 टक्के टीप झाली. पावतीखाली छापलेले तयार आकडे पुष्कळदा करासकट रकमेवर काढलेले असतात. सहा किंवा जास्त जणांचा गट असेल तर ‘ग्रॅच्युइटी’ (म्हणजे टीपच) बिलात आधीच लावलेली असू शकते, ती ओळ न बघता पुन्हा 20 टक्के लिहिणारे पुष्कळ.

तिथे कार्डाने पैसे देताना दोन पावत्या येतात. दुकानदाराच्या प्रतीवर टीप आणि एकूण रक्कम लिहून सही करायची, ती टेबलावर ठेवायची, दुसरी आपण न्यायची. मोबाइलवर आधी टीपशिवायच्या रकमेचा मेसेज येतो, दोन-तीन दिवसांनी खात्यात टीपसकट रक्कम दिसते. ही फसवणूक नाही, पण आपली प्रत जपून ठेवलीत तरच आकडा पडताळता येतो. कॉफीच्या काउंटरवर पडदा फिरवून 18, 20, 25 टक्के विचारतात. तिथे ‘नो टिप’ दाबायला काही हरकत नाही.

ब्रिटनमध्ये चित्र सुधारलं आहे. तिथे बिलावर बहुधा 12.5 टक्के ऐच्छिक सर्व्हिस चार्ज असतो आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून तो व टीप पूर्णपणे कामगारांना देणं मालकावर बंधनकारक आहे. तो भरा, वर काही देऊ नका. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे किमतीतच असतात, एक-दोन युरो पुरेत. सिंगापूरच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर 9 टक्के जीएसटी धरा: 100 डॉलरचे 119.90 होतात, टीप नको. जपानमध्ये हॉटेलात टीप ठेवूच नका.

महाराष्ट्रातून ग्रुप टूरने युरोपला जाणाऱ्यांनी कार्यक्रमपत्रिकेतली ‘समाविष्ट नसलेल्या गोष्टी’ ही यादी आधी वाचावी. बसचालक आणि गाइड यांची टीप प्रत्येकी रोज ठरावीक युरो अशी तिथे लिहिलेली असते, आणि चौघांच्या कुटुंबाला दहा दिवसांत ती बरीच मोठी होते. टीप दिली म्हणून चालक जास्त वेळ बस चालवणार नाही. युरोपीय नियमाने त्याला साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते, दिवसाची मर्यादा 9 तासांची (आठवड्यात दोनदा 10), आणि हे सगळं बसमधल्या यंत्रात नोंदलं जातं.

हॉटेलची खोली आवरणाऱ्या मावशींसाठी अमेरिकेत रोज 2 ते 5 डॉलर उशीवर ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण रोज माणूस बदलू शकतो. निघण्याआधी मनी चेंजरकडून 1 आणि 5 च्या नोटा मुद्दाम मागून घ्या, नाहीतर 50 आणि 100 च्याच हातात पडतात. आणि एका देशाची उरलेली नाणी दुसऱ्या देशात टीप म्हणून देऊ नका. परदेशी नाणी बँका सहसा बदलून देत नाहीत, त्या माणसाला त्यांचा काही उपयोग नसतो.