लोटस ९८टी: टर्बो जागा होईपर्यंत दम धरा

असेटो कोर्सा या रेसिंग गेममधली लोटस ९८टी ही १९८६ ची फॉर्म्युला वन गाडी: १.५ लिटरचं रेनो व्ही६ टर्बो इंजिन, एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल (ताकद देताना चाकं घसरू न देणारी यंत्रणा) नाही. या गेममधल्या ओपन-व्हील गाड्यांत उजव्या पायाला सर्वात जास्त शिकवते ती हीच.

खरी गोम टर्बो लॅगची, म्हणजे टर्बोची ताकद उशिरा येण्याची. मोन्झा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनमधून (लागोपाठच्या उलटसुलट वळणांतून) निघताना थ्रॉटलचं पेडल दाबलं तर क्षणभर काहीच होत नाही. मग माणूस आणखी दाबतो आणि सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर येते. स्टिअरिंग तेव्हा वळलेलं असेल तर गिरकी ठरलेली. म्हणून पेडल थोडं आधी, पण पावच दाबायचं, बूस्ट (टर्बोचा दाब) चढू द्यायचा आणि स्टिअरिंग जसजसं सरळ होईल तसतसा पाय खाली न्यायचा. मागची बाजू सरकली तर थ्रॉटल झटक्यात सोडू नका; वजन पुढे जातं आणि मागची उरलीसुरली पकडही सुटते.

बूस्ट कमी-जास्त करता येतो. सुरुवातीला खालीच ठेवा. गेममधल्या टायर अ‍ॅपमध्ये रंग निळा दिसतोय, म्हणजे टायर थंड आहेत, तोवर जपून. ब्रेक सरळ रेषेतच. पुढची चाकं लॉक होत असतील तर ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) टक्का-दोन टक्के मागे.

फोर्स फीडबॅकची (स्टिअरिंगमधून हाताला जाणवणाऱ्या जोराची) पट्टी लाल होत असेल तर गेन, म्हणजे त्या जोराची पातळी, उतरवा, नाहीतर मागचा भाग सुटतोय हे हाताला कळतच नाही. गेमपॅडवाल्यांनी मात्र हिच्या वाटेला जाऊ नये: पाव थ्रॉटल धरून ठेवणं बोटाला जमता जमत नाही.