एअर पिस्तुलाचा ट्रिगर: घरचा पेचकस की कारागिराचा हात

वापरलेले पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारे, मॅच पिस्तूल घेतलेल्या बहुतेक नेमबाजांची काही महिन्यांतच एक तक्रार सुरू होते: पहिला टप्पा, म्हणजे ट्रिगरची सुरुवातीची हलकी ओढ, संपल्यावर ट्रिगर भिंतीला टेकल्यासारखा थांबत नाही, किंचित घासत पुढे सरकतो आणि नेमका कधी सुटेल याचा अंदाज बोटाला येत नाही. अशा वेळी पिस्तूल घरीच उघडून ट्रिगर सुधारावा, की ते जाणत्या कारागिराच्या स्वाधीन करावे, हा प्रश्न पडतो. मी आधी घरी हात घातला आणि नंतर कारागिराकडे गेलो, त्यामुळे माझा कल कोणत्या बाजूला आहे हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही घरच्या कामाची बाजू जितकी खरी आहे तितकी मांडण्याचा प्रयत्न करतो.

हे सर्व बोलणे 4.5 मिलिमीटरच्या स्पर्धेच्या एअर पिस्तुलापुरतेच आहे. परवान्याच्या पिस्तुलाबाबत तुलनेचा प्रश्नच येत नाही, कारण 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 मध्ये शस्त्रनिर्मिती आणि विक्रीबरोबर दुरुस्ती आणि फेरफारही परवानाधारकाचेच काम ठरवले आहे.

घरच्या कामाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे बोट आपले असते. आपले बोट ट्रिगरवर नेमके कोठे टेकते, पहिल्या टप्प्यात किती भार सोसते आणि शेवटच्या क्षणी किती दमते, हे कारागिराला कितीही सांगितले तरी पुरते कळत नाही. साठ छर्रे पंचाहत्तर मिनिटांत, दहा मीटरवरून, अवघ्या साडेअकरा मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळात बसवायचे असतात, तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर ड्राय फायरची, म्हणजे छर्रा न मारता ट्रिगर ओढण्याची, कळ लावून पाव फेरा स्क्रू फिरवावा, पन्नास वेळा ट्रिगर ओढून पाहावा, पुन्हा पाव फेरा मागे यावे, असे आठवडाभर करता येते. कारागिराच्या दुकानात उभे राहून एवढी चैन कोणी करू देत नाही. बनवणाऱ्यानेच जे स्क्रू वापरणाऱ्यासाठी बाहेर ठेवले आहेत, म्हणजे पहिल्या टप्प्याचा भार, दुसऱ्या टप्प्याचा भार आणि सुटल्यानंतर ट्रिगर कोठे थांबावा याचा स्क्रू, ते घरीच लावावेत, असे माझे आजही मत आहे.

माझी चूक त्या स्क्रूंच्या पलीकडे गेल्याची होती. इंदुरात रामबागेतल्या घरी, एका रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर जुना पंचा अंथरून मी मूठ काढली, दोन पिना ठोकून बाहेर घेतल्या आणि सिअर, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत हातोडी अडवून धरणारा भाग, तळहातावर घेतला. चिंचोक्याएवढा पोलादाचा तो तुकडा, आणि त्याच्या ज्या कडेवर सारा खेळ चालतो ती कड भिंगाशिवाय नीट दिसतही नाही. काचेच्या तुकड्यावर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, तेलाचे थेंब टाकून, मी ती कड आरशासारखी होईपर्यंत घासली. स्प्रिंगही थोडी हलकी बसवली. परत जोडताना सियागंज बाजारातून आणलेल्या पेचकसाचे पाते स्क्रूच्या खाचेपेक्षा जाड निघाले, ते घसरले आणि खाचेचा एक ओठ उडाला. तो ओरखडा मात्र त्या दिवशी मी फारसा मनावर घेतला नाही, कारण ट्रिगर अप्रतिम झाला होता.

ट्रिगर खरोखरच अप्रतिम झाला होता, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते, कारण घरच्या कामातली फसगत येथेच असते. पहिले दोन-तीनशे छर्रे मी आयुष्यात मारले नसतील इतके सहज सुटले. काम तेव्हाच बिघडले असते, तर मी लगेच शहाणा झालो असतो. सिअरच्या पोलादाला वरून कठीण केलेले एक पातळ कवच असते आणि त्याच्या आत धातू तुलनेने मऊ असतो. मी चमक आणण्याच्या नादात कडेवरचे ते कवच घासून टाकले होते, आणि उघडी पडलेली मऊ कड प्रत्येक छर्ऱ्यागणिक थोडी थोडी गोल होत होती. डोळ्यांना काही दिसत नव्हते, मूठ बसवल्यावर तर मुळीच नाही.

त्यानंतर जे सुरू झाले त्यानेच माझा निर्णय केला. ट्रिगरचा भार एका जागी राहीना. 10 मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅमचा भार असावा लागतो, म्हणजे त्याहून कमी जोराने तो सुटता कामा नये. नळी उभी धरून, आडव्या पृष्ठभागावर ठेवलेले वजन ट्रिगरला अडकवून, ट्रिगर न सुटता ते उचलून दाखवावे लागते, आणि त्यासाठी तीन प्रयत्न मिळतात. घरच्या तपासणीसाठी मी किराणा दुकानदाराकडून अर्ध्या किलोचे लोखंडी वजन मागून आणले होते आणि त्याला सायकलच्या तारेचा आकडा केला होता. सोमवारी ते वजन उचलले जाई, गुरुवारी ट्रिगर मध्येच सुटे. स्क्रू अर्धा फेरा आवळला की शनिवारी पुन्हा उचलले जाई, पण मग दुसरा टप्पा दगडासारखा लागे. आकड्याचेच वजन बारा ग्रॅम भरते, म्हणजे मी 512 वर तपासत होतो, हे कळल्यावर दोन दिवस बरे वाटले, एवढेच.

एका जिल्हास्तरीय स्पर्धेत सामन्याआधीच्या तपासणीत तिन्ही वेळा ट्रिगर सुटला. सामन्याआधी दुरुस्त करून पुन्हा दाखवता येते, म्हणून मी बाकावर बसून घाईने स्क्रू आवळला आणि पार पडलो. पण नंतर प्रत्येक छर्ऱ्याच्या वेळी हात वर नेताना मनात एकच विचार होता, की आता हा 500 च्या वर आहे की खाली. सामना संपल्यावर निवडक खेळाडूंची पुन्हा तपासणी होते, आणि तेथे वजन उचलले नाही तर थेट बाद. माझी पाळी आली नाही. त्या दिवशी माझे गुण नेहमीपेक्षा नऊने कमी पडले. त्यातले सगळेच ट्रिगरमुळे गेले असे म्हणण्याचे धाडस मी करत नाही, परंतु ज्या यंत्रावर शंका आहे ते हातात धरून नेम धरता येत नाही, एवढे मला त्या दिवशी पुरते समजले.

आता दुसरी बाजू. इंदूरजवळच्या महूला सैन्याचे मार्क्समनशिप, म्हणजे नेमबाजीचे, युनिट असल्याचा इंदूरच्या नेमबाजांना एक आडवळणाचा फायदा असा, की सैन्यात आर्मोरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा, म्हणून आयुष्य काढलेला एखादा निवृत्त माणूस या भागात ओळखीपाळखीने सापडतो. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी पिस्तूल हातात घेऊन एकदाच कॉक केले, डोळे मिटून ट्रिगर ओढला आणि विचारले, "भैया, सिअर आपने खुद घिसा है ना?" मी नाही म्हणणार होतो. त्यांनी भिंगाखाली कड दाखवली: एका टोकाला चकचकीत, दुसऱ्या टोकाला उताराची. मी बोटाने दाब देताना पेपरावर तुकडा अंमळ तिरका झाला होता, आणि तो तिरकेपणा भिंगाशिवाय मला कधीच दिसला नसता. घासलेल्या सिअरला पुन्हा धार लावण्यास त्यांनी साफ नकार दिला. नवा सिअर मागवला, मूळ स्प्रिंगच्या ताकदीची स्प्रिंग घातली आणि ओठ उडालेला स्क्रूही बदलला.

कारागिराकडे जाण्यात त्रास नाही असे मात्र नाही. सुटा भाग बाहेरून यायचा म्हणून पाच आठवडे गेले, त्यात "शनिवारी या" हे वाक्य मी चार शनिवार ऐकले. सराव बुडाला. भागाचे आणि मजुरीचे मिळून जे पैसे गेले त्यात वर्षभराचे छर्रे आले असते. शिवाय त्यांनी दुसरा टप्पा त्यांच्या आवडीने लावला होता, माझ्या बोटाला तो जरा कडक वाटला. पण तो स्क्रू बाहेरचा होता, पाव फेऱ्यात काम झाले, आणि मुख्य म्हणजे आज आठ महिन्यांनंतरही अर्ध्या किलोचे तेच वजन कोणत्याही वारी उचलले जाते. हल्ली मी ते पंधरवड्यातून एकदा, सवय म्हणून, लावून पाहतो.

काही मित्र म्हणतात की हा सगळा व्याप यांत्रिक ट्रिगरचा आहे, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे पिस्तूल घेतले की घासण्याचा मोहच राहत नाही. त्यात तथ्य आहे, आणि मोरिनी कंपनीच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर ज्याने एकदा ओढला त्याला इतर ट्रिगर खरखरीत वाटणे साहजिक आहे. तरी जुलै 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तूल प्रकारात मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि 575 गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली, हे विसरता येत नाही. पुढे पॅरिसला 2024 मध्ये याच प्रकारात तिने कांस्यपदक घेतले, तो भाग वेगळा. यंत्र कोणतेही असो, ते उघडू शकणारा माणूस जवळ असणे मला जास्त मोलाचे वाटते, आणि इंदुरात इलेक्ट्रॉनिक सर्किट समजणाऱ्यापेक्षा सिअर समजणारा माणूस सापडणे सोपे आहे. इतर शहरांत हे गणित उलटे असू शकेल.

ज्यांच्याजवळ चांगले भिंग, पिना पकडण्याचा साचा, खाचेत अचूक बसणारे पेचकस आणि मुख्य म्हणजे एक फाजील सिअर आहे, त्यांनी घरी प्रयत्न केला तर मी त्यांना वेडे म्हणणार नाही. निदान जुना भाग परत बसवून पूर्वस्थितीला येण्याची सोय त्यांच्याकडे असेल. माझ्याकडे तो एकच सिअर होता. बाकीच्यांनी कारागिराकडे देताना तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात: काढलेला भाग परत द्यावा, भार 500 वर नेमका न ठेवता वीसेक ग्रॅम वर ठेवावा, आणि बाहेरचे स्क्रू कोणत्या स्थितीत सोडले ते कागदावर लिहून द्यावे. अक्रोडाची मूठ मात्र काढून घरीच ठेवावी. माझी पाच आठवडे त्यांच्या खिडकीजवळ, श्रावणातल्या दमट हवेत पडून होती, आणि अंगठ्याखाली ती अजूनही किंचित फुगलेली लागते.