कॉलरच्या तयार फर्म्यांचा संच : शर्टाला चालतो, जाकिटाला नाही

आमच्या आर्वी तालुक्यात शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशाचं काम एकदम अंगावर येतं. त्यासाठीच हा प्लास्टिकच्या फर्म्यांचा, म्हणजे कापडावर ठेवून आखायच्या साच्यांचा, संच मागवला. शर्टाची कॉलर, तिच्या खालची उभी पट्टी, चायनीज (बंदगळ्याची उभी कॉलर) आणि पीटर पॅन (फ्रॉकची गोल टोकांची आडवी कॉलर). प्लास्टिक जाड आहे, खडू फिरवताना कापडावर सरकत नाही.

शर्टाची कॉलर झकास. दोन्ही टोकं सारखी येतात, पट्टीचा बाकही बरोबर आहे. फक्त फर्म्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. कॉलर मानेला नाही, कापलेल्या गळ्याला जोडायची असते. म्हणून माप तिथंच घ्या, शिवणीच्या रेषेवर टेप उभी धरून.

चायनीजचा फर्मा म्हणजे मात्र सरळ पट्टी. मान वर निमुळती होत जाते, त्यामुळे वरचा काठ खालच्यापेक्षा आखूड हवा; सरळ पट्टी वरून सुटतेच. पुढची टोकं अर्धा-पाऊण इंच वर उचलून बाक दिला, तर ती मानेला धरते. इकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की बंदगळ्याची जाकिटं शिवायला येतात, आणि भाऊ आरशात पाहून लगेच म्हणतात, "काहून बाई, इथून बोट जाऊन राह्यलं ना!" जाकिटाची कॉलर मी खाकी कागदावर स्वतःच काढते.

पीटर पॅनचंही तेच. पुढचा-मागचा भाग खांद्यावर जोडताना बाहेरच्या टोकाला अर्धा इंच एकावर एक चढवायचा असतो, तेव्हा कॉलर किंचित उठून गळ्याची शिवण झाकते. या फर्म्यात तो चढाव नाही. फ्रॉकवर कॉलर पापडासारखी चपटी बसते.

खालच्या कॉलरीचा, म्हणजे दुमडल्यावर आत जाणाऱ्या थराचा, वेगळा फर्मा दिलेला नाही, हे मला जास्त खटकलं. ती वरच्यापेक्षा एक सूत (इंचाचा आठवा भाग) लहान कापली, तरच शिवण आत वळते. आमच्याकडे वर्ध्याची खादी येते. जाड असली तर फरक आणखी वाढवावा लागतो. आणि खादी कापायच्या आधी भिजवून वाळवून घ्याच. नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं, कॉलर ताठ राहावी म्हणून आत चिकटवलेलं बकरम तसंच राहतं, आणि इस्त्री कितीही फिरवा, कॉलरीवरचे फोड जात नाहीत. संचासोबतच्या कागदावर यातलं काही नाही, कॉलरींची चित्रं तेवढी रंगीत आहेत.