उपदेशासाठी शास्त्रभाग कसा निवडावा: वाचनमाला, सलग पुस्तक की विषय?

शनिवारी रात्री बायबलची पाने उलटत बसण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला हा प्रश्न फोड करून सांगावा लागत नाही. उद्या काय बोलायचे हे नंतरचे, कोणत्या भागावर बोलायचे हेच ठरलेले नसते. उपदेशाची जबाबदारी नव्याने आलेल्यांनी हा निर्णय दर आठवड्याला घेऊ नये. एकदाच, प्रार्थना करून आणि नीट विचार करून घ्यावा.

मुख्य वाटा तीन. वाचनमालेने, म्हणजे प्रत्येक रविवारचे भाग आधीच ठरवून देणाऱ्या यादीने, नेमून दिलेला भाग घ्यायचा, बायबलमधले एखादे पुस्तक पहिल्या अध्यायापासून सलग न्यायचे, किंवा विषय ठरवून त्याला जुळणारी वचने शोधायची. नुसते गुणदोष सांगून यातला फरक कळत नाही, म्हणून एकच शास्त्रभाग तिन्ही वाटांनी नेऊन पाहू. लूकच्या 15 व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला घ्या: धाकटा मुलगा मालमत्ता उधळून परत येतो, बाप त्याला जवळ घेतो आणि थोरला भाऊ रागावून बाहेरच थांबतो.

आधी विषयाची वाट. विषय आहे क्षमा. मत्तय 18 मधला कर्ज माफ झालेला दास, इफिसकरांस पत्रातले 4:32 आणि हा दाखला, असे तीन भाग हाताशी येतात. संदेश चांगला बांधला जातो, ऐकणाऱ्यांच्या लक्षातही राहतो. पण बाप धावत जाऊन मुलाच्या गळ्यात पडला की आपल्या विषयाचे काम झालेले असते आणि थोरला भाऊ शेतातच राहून जातो. दाखल्याचा शेवट तर त्याच्यापाशी आहे. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि तो आत गेला की नाही हे येशू सांगत नाही. विषय आपण निवडला की शास्त्रभाग कुठे थांबवायचा हेही नकळत आपणच ठरवतो.

वाचनमालेत हाच भाग कसा येतो? 1992 साली तयार झालेली रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या वापरतात. तिचे चक्र तीन वर्षांचे आहे आणि वर्ष आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपासून, सुरू होते. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहानाला स्वतःचे वर्ष नाही, तो तिन्ही वर्षांत विखुरलेला आहे. लूकच्या वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चौथ्या रविवारी उधळ्या पुत्राचा दाखला येतो. त्याच्यासोबत यहोशवा 5 मधला मान्ना, म्हणजे अरण्यात देवाने दिलेले अन्न, बंद झाल्याचा प्रसंग, 32 वे स्तोत्र आणि देवाने जगाशी समेट केला असे सांगणारा 2 करिंथ 5 चा भाग असतो. पाप लपवून हाडे झिजली असे म्हणणारे 32 वे स्तोत्र त्या मुलाच्या परतीशेजारी ठेवण्याचे मला स्वतःहून कधी सुचले नसते. ही वाचनमालेची देणगी आहे.

तिची किंमतही आहे. हरवलेले मेंढरू आणि हरवलेले नाणे हे याच अध्यायातले आधीचे दोन दाखले त्या रविवारी वाचले जात नाहीत. ते थेट सप्टेंबरमध्ये येतात. येशूने एका दमात सांगितलेल्या तीन गोष्टींमध्ये पाच-सहा महिन्यांचे अंतर पडते. काही ठिकाणी तर वचनेच गाळलेली आहेत. 139 वे स्तोत्र या वाचनमालेत एकापेक्षा अधिक वेळा येते, पण दुष्टांचा द्वेष बोलून दाखवणारी 19 ते 22 ही वचने दरवेळी वगळलेली असतात. त्या वचनांवर उपदेश करणे अवघड आहे हे मान्य. पण ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याच्या मनातली प्रार्थना नेमकी तीच असू शकते. म्हणून वाचनमाला वापरणाऱ्याने नेमलेल्या भागाच्या अलीकडची आणि पलीकडची वचने आधी वाचावीत. ही सवय लागली की या वाटेतला मोठा धोका टळतो.

आता सलग वाट. 1 जानेवारी 1519 रोजी झुरिकमध्ये धर्मसुधारक उल्रिख झ्विंगलीने नेमलेले भाग बाजूला ठेवून मत्तय पहिल्या अध्यायापासून घेतला. दुसरा धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याला 1538 मध्ये जिनिव्हा सोडावे लागले. 1541 मध्ये परत आल्यावर तो व्यासपीठावर चढला आणि मागे जिथे थांबला होता त्याच्या पुढच्या भागापासून बोलू लागला. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. मधल्या वर्षांचा हिशेब मांडायला ती उत्तम संधी होती. तिचा उपयोग न करता त्याने वचनाला पुढे जाऊ दिले.

लूक सलग नेला तर 14 व्या अध्यायाचा शेवट होतो तो ज्याला कान आहेत त्याने ऐकावे या शब्दांनी. लगेच पुढच्या वचनात जकातदार आणि पापी लोक ऐकायला जवळ येतात आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे लोक, कुरकुर करतात. अध्यायांचे आकडे फार नंतर घातले गेले, पण त्यांच्यामुळे ही जोडणी आपल्या नजरेतून निसटते. पुढे 16 व्या अध्यायात मालमत्ता उडवल्याचा आरोप असलेला कारभारी भेटतो. धाकट्या मुलाच्या उधळपट्टीसाठी वापरलेले ग्रीक क्रियापदच तिथे पुन्हा येते. थोरला भाऊ कुरकुरणाऱ्या परूश्यांचाच चेहरा आहे, हे सलग ऐकणाऱ्या मंडळीला समजावून सांगावे लागत नाही.

अडचण चिकाटीची आहे. मोठे पुस्तक दीड-दोन वर्षे चालले की ऐकणारे थकतात आणि मध्येच आलेल्याला धागा सापडत नाही. एकाच व्यासपीठावर आळीपाळीने तीन-चार जण बोलत असतील तर सलग वाट सहसा टिकत नाही. तिथे सरळ वाचनमाला घ्यावी.

मी स्वतः बराच काळ विषयवार बोलत होतो. एकदा जुन्या वह्या चाळल्या तेव्हा 23 वे स्तोत्र, रोमकरांस 8 आणि फिलिप्पैकरांस 4 हेच भाग फिरून फिरून दिसले. विलापाचे एकही स्तोत्र नव्हते. त्याच दिवसांत मूल गमावलेल्या एका भगिनीने विचारले, की असे रडणारे बायबलमध्ये कोणी आहे का? 88 वे स्तोत्र आहे, आणि ते अंधारातच संपते. ते मी मंडळीसमोर कधी वाचलेच नव्हते. तेव्हापासून मी कोणतीही पद्धत एकाच कसोटीवर पाहतो: मी टाळतो ते भाग ती माझ्यापुढे आणते का? बाकीच्या दोन वाटा ते बऱ्याच अंशी करतात. विषयाची वाट करत नाही. तरीही मंडळीत मृत्यू झाला, संकट आले, तर त्या रविवारी विषय समोरच उभा असतो आणि तेव्हा तीच वाट घ्यावी. मात्र तेव्हाही तीन भागांतली तुकड्यातुकड्यांची वचने न घेता एकच भाग पूर्ण घ्यावा.

वैयक्तिक भक्तीचा निर्णय वेगळा आहे. रोज एक वचन आणि चार ओळींचा विचार देणारी पुस्तिका सोपी असते, पण वचन एकटे पडते. यिर्मया 29:11 मधली भविष्याची आशा सगळ्यांना पाठ असते. तिच्या आधीच्याच वचनातली बाबेलची 70 वर्षे सहसा कोणी सांगत नाही. ही वचने यिर्मयाने बाबेलात बंदिवासात नेलेल्यांना पाठवलेल्या पत्रातली आहेत. ते पत्र ऐकणाऱ्यांतल्या कित्येकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, आणि म्हणूनच त्या आशेला वजन आहे. दुसरे टोक म्हणजे स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 मध्ये आखलेली वार्षिक योजना. रोज सुमारे चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा. बायबल सलग कधीच न वाचलेल्याने एक वर्ष हे जरूर करावे. ज्याचे वाचन झाले आहे पण मन कोरडे आहे, त्याला 12 व्या शतकातल्या दुसऱ्या ग्वीगो या मठवासीयाची चार पायऱ्यांची शिडी बरी: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर शांत राहणे. पाच-सहा वचने पुरतात. उपदेशकाने मात्र रविवारचा भाग हीच आपली भक्ती करू नये. त्या वाचनात डोक्यात सतत ऐकणारे असतात.

आज सुरुवात करणाऱ्याला मी छोटे पुस्तक सुचवेन. बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचणाऱ्या रूथची गोष्ट सांगणारे रूथ हे पुस्तक चार अध्यायांचे आहे. मत्तयाचे वर्ष सुरू होण्याआधीच्या चार रविवारी ते सलग घ्या. शेवटच्या अध्यायात तिचा मुलगा ओबेद, त्याचा मुलगा इशाय आणि इशायाचा मुलगा दावीद ही नावे येतात. मग आगमनकाळात वाचनमालेकडे वळा. चौथ्या रविवारी मत्तय 1 मध्ये देवदूत योसेफाला दाविदाचा पुत्र म्हणून हाक मारतो, तेव्हा मंडळीला बेथलेहेमातले ते शेत आठवेल.