मसाज थेरपिस्ट: स्पामधली नोकरी की स्वतःचं काम?

कोर्स संपत आला की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक जण आधी कमाईचा हिशेब मांडतात. मी म्हणेन, आधी आपल्या हातांचा मांडा.

स्पामध्ये ग्राहक आयता मिळतो. चादरी धुणं, तेल आणणं, फोन घेणं दुसरं कुणीतरी बघतं. पण वेळापत्रक तुमचं नसतं. 60 मिनिटांची सत्रं पाठोपाठ लावली, तर मधे चादर बदलण्यापुरतीच उसंत मिळते. स्वतःच्या कामात दोन ग्राहकांमध्ये 20 मिनिटं सोडता येतात. सुरुवातीला मात्र अख्खे दिवस रिकामे जातात आणि जागेचं भाडं थांबत नाही.

त्या 20 मिनिटांना मी इतकं महत्त्व देतो, कारण अंगठ्याच्या मुळाशी असलेला खोगिरासारखा सांधा वस्तू पकडण्यासाठी आहे, दिवसभर दाब देण्यासाठी नाही. अंगठा, मनगट आणि कंबर यांची दुखणी या कामात फार लोकांना गाठतात. दाब पायांतून यायला हवा: एक पाय पुढे, पाठ सरळ, शरीराचं वजन पुढे झुकवलेलं. खोल दाब द्यायचा असेल तर अंगठ्याऐवजी कोपराखालचा हात वापरावा. टेबलाशेजारी उभं राहून हात खाली सोडला की मुठीची पेरं टेबलाला टेकावीत, साधारण तेवढी त्याची उंची हवी. स्वतःचं टेबल तुम्ही आपल्या मापाने लावाल. स्पामध्ये ते सगळ्यांसाठी एकच असू शकतं. म्हणून मुलाखतीत पगाराआधी विचारा: दिवसाला जास्तीत जास्त किती सत्रं? टेबलाची उंची बदलता येते का? ग्राहकाला नकार देता येतो का?

हा शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा. कुणाची एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मसाज करायचा नाही, लगेच डॉक्टरांकडे पाठवायचं. कुणी गैर मागणी केली तर सत्र तिथेच थांबवायचं. चांगल्या स्पामध्ये अशा वेळी व्यवस्थापक तुमच्या बाजूने उभा राहतो. एकट्याने काम करताना पाठीशी कुणी नसतं, त्यामुळे नवीन ग्राहकाशी आधी फोनवर नीट बोलून घेणं आणि आपण कुठे आहोत हे कुणालातरी सांगून ठेवणं आवश्यक आहे.

शिकण्याचं म्हणाल, तर स्पामध्ये थोड्या काळात कितीतरी वेगवेगळी शरीरं हाताखालून जातात. पण तोच माणूस पुन्हा तुमच्याकडेच येईल याची खात्री नसते, म्हणून काय उपयोगी पडलं ते कळत नाही. स्वतःच्या ग्राहकाची मान मागच्या वेळी किती वळत होती, हे वहीत लिहिलेलं असतं. माझ्या मते यशस्वी थेरपिस्ट इथेच घडतो: विचारणारा, ऐकणारा, नोंद ठेवणारा, आणि ‘शरीरातली विषं बाहेर काढतो’ असले दावे न करणारा.

फिजिओथेरपी क्लिनिक हा तिसरा मार्ग. दुखापतींचं काम शिकायचं असेल तर तो उत्तम, फक्त तिथे उपचारांची दिशा दुसरं कुणीतरी ठरवतं.

मी सुरुवात नोकरीने करायला सांगेन, पण दिवसाला चार-पाच सत्रांवर थांबणाऱ्या जागी. ग्राहक नाव घेऊन तुम्हालाच मागू लागले, की आपली खोली शोधायला लागा.